दुय्यम प्रमाणपत्राचे डॉक्टर : खानदेशातील दवाखान्यांची शंभर वर्षे

धुळ्याच्या गल्ल्यांत आणि जळगावच्या पेठांत एके काळी डॉक्टरच्या पाटीवर नावापुढे चार अक्षरे असत : एल.सी.पी.एस. कोणाच्या नावापुढे एल.एम.पी., कोणाच्या नुसतेच आर.एम.पी. ही अक्षरे फारसे कोणी वाचत नसे. ‘आमचे डॉक्टर’ एवढी ओळख पुरत असे. माझ्या वयाच्या खानदेशी माणसाला लहानपणीच्या गोवरापासून आजोबांच्या शेवटच्या रात्रीपर्यंत एकच माणूस हातात बॅग घेऊन घरात येताना आठवतो. त्यांची पदवी कोणती होती, असे विचारले तर मात्र तो गप्प बसेल.

त्या चार अक्षरांचा अर्थ असा, की हा डॉक्टर विद्यापीठाचा पदवीधर नव्हता. तो ‘लायसेन्शिएट’ होता, म्हणजे वेगळी परीक्षा देऊन व्यवसायाचा परवाना मिळवलेला. सर जोसेफ भोर यांच्या समितीने १९४६ मध्ये हिंदुस्थानच्या आरोग्याची पाहणी करून अहवाल दिला, तेव्हा देशात नोंदलेल्या डॉक्टरांची संख्या ४७,५२४ होती. त्यांतले १७,६५४ पदवीधर आणि २९,८७० लायसेन्शिएट. म्हणजे आठांतले पाच डॉक्टर त्या काळच्या सरकारी भाषेत दुसऱ्या पायरीवरचे होते.

एका डॉक्टरचे चरित्र लिहिण्याऐवजी मी येथे या वर्गाचे चरित्र मांडतो आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे : ज्याला सरकारने कायम दुय्यम मानले, त्याच्याच खांद्यावर तालुक्याच्या गावांचे आरोग्य उभे होते. दर्जा वाढवण्याच्या चांगल्या हेतूने तो वर्ग बंद करण्यात आला, पण त्याची रिकामी खुर्ची भरायला वरच्या दर्जाचा डॉक्टर आला नाही. आज डॉक्टर आणि रोगी यांच्यात जो अविश्वास दिसतो, त्याची एक मुळी त्या रिकाम्या खुर्चीपर्यंत जाते.

मराठीतून शिकलेले डॉक्टर

१८१८ मध्ये खानदेश इंग्रजांकडे गेला आणि कॅप्टन ब्रिग्ज याने धुळे हे जिल्ह्याचे मुख्य ठाणे केले. कचेरी आली, तुरुंग आला, पलटण आली आणि त्यांच्या मागोमाग सरकारी दवाखाना आला. दवाखान्याला माणसे हवीत. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये निघाले होते, पण तेथला अभ्यासक्रम इंग्रजीतून, लांब आणि खर्चाचा. तेथून बाहेर पडणारे मोजके पदवीधर मुंबईत राहत किंवा मोठ्या सरकारी जागा धरत. त्यांतला कोणी एरंडोलला किंवा शिरपूरला येऊन बसेल, ही आशा व्यर्थ होती.

यावर काढलेला तोडगा मराठी माणसाने आवर्जून लक्षात ठेवावा असा आहे. १८६१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजात देशी भाषांचा वर्ग सुरू झाला. शरीरशास्त्र, औषधे, शस्त्रक्रिया, बाळंतपण, सारे विषय मराठीतून आणि गुजरातीतून शिकवायचे. शिकवणाऱ्यांत भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी होते आणि डॉ. सखाराम अर्जुन होते. क्रमिक पुस्तके नव्हती, ती या मंडळींनी स्वतः लिहिली. सखाराम अर्जुन यांचे ‘वैद्यतत्त्व’ हे त्यांतलेच एक. पुढे ज्या रखमाबाईंच्या खटल्याने सारा देश ढवळून निघाला आणि ज्या स्वतः डॉक्टर होऊन सुरत-राजकोटला रुग्णसेवा करीत राहिल्या, त्यांचे हे सावत्र वडील.

१८७८ मध्ये मराठीचा वर्ग पुण्याला हलला आणि त्यातून बी.जे. मेडिकल स्कूल उभे राहिले. ‘कॉलेज’ नव्हे, ‘स्कूल’. दर्जातला फरक नावातच होता. येथून निघालेला विद्यार्थी हॉस्पिटल असिस्टंट होई, पुढे त्याच पदाला सब-असिस्टंट सर्जन म्हणू लागले. पगार बेताचा आणि वर गोरा सिव्हिल सर्जन. तालुक्याच्या दवाखान्यात मात्र तोच सर्वाधिकारी. तापाला क्विनाईन, गळवाला चिरा, मोडलेल्या हाताला फळी, मारामारीच्या दाखल्यावर सही, प्रेताची तपासणी, देवी टोचणाऱ्यावर देखरेख, असे सारे त्याच्याकडे. १८८० च्या खानदेश गॅझेटियरात ताप हा जिल्ह्याचा मुख्य आजार म्हणून येतो. सातपुड्याच्या पायथ्याला, तापी-पांझरेच्या काठाला पावसाळा सरला की घरोघरी हिव भरे. क्विनाईनची पुडी घेऊन बसलेला हा मराठी बोलणारा डॉक्टर म्हणजे खानदेशाला पश्चिमी वैद्यकाचा पहिला खरा परिचय.

शिक्षणाची भाषा पुढे इंग्रजी झाली. पण या पहिल्या पिढीने एक गोष्ट पक्की करून ठेवली होती. पोटात मुरडा येतो, उसण भरते, अंग मोडून येते, छातीत चमक निघते, या तक्रारींचे भाषांतर न करता ज्याला उपचार करता येतो, तो आपला डॉक्टर. हा ‘आपलेपणा’ कोणत्याही प्रमाणपत्रावर छापलेला नव्हता.

आगगाडीने आणलेला रोग

ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेने १८६० च्या दशकात खानदेशाचे रूप पालटले. चाळीसगाव, पाचोरा, जळगाव, भुसावळ ही स्टेशने कापसाच्या गाठींनी भरू लागली आणि जळगावसारखे गाव जिन-प्रेसांचे शहर झाले. ज्या रुळांवरून कापूस मुंबईला गेला, त्याच रुळांवरून १८९६ नंतर प्लेग उलटा आला.

मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला तो सरकारी खात्याने नव्हे, तर खाजगी व्यवसाय करणाऱ्या एका गोमंतकीय डॉक्टरने. डॉ. अकासियो व्हिएगस यांनी सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवीच्या वस्तीतले रोगी पाहून निदान केले आणि ते जाहीरपणे सांगितले. व्यापार बसेल म्हणून ते ऐकायला पुष्कळांची तयारी नव्हती. वस्तीत रोज जाणाऱ्या डॉक्टरला जे दिसते ते कचेरीत बसणाऱ्याला दिसत नाही, याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे नसेल. हेच व्हिएगस पुढे मुंबई महापालिकेचे अध्यक्ष झाले. दवाखान्यातून नगरपालिकेत जाण्याची ही वाट नंतर गावोगावच्या डॉक्टरांनी धरली.

१८९७ च्या जानेवारीत हाफकिनने प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली. फेब्रुवारीत साथीच्या रोगांचा कायदा आला. जूनमध्ये पुण्यात रँडचा खून झाला. घरात शिरणारे सोजीर, बळजबरीने हलवलेले रोगी, रस्त्यावर टाकलेले सामान, या साऱ्यामुळे ‘सरकारी डॉक्टर’ या शब्दालाच लोक भिऊ लागले. त्याच साथीत पुण्याजवळ डॉ. यशवंत फुले यांनी दवाखाना उघडला आणि तेथे रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाईंना प्लेग होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे देहावसान झाले. लोकांना धरून नेणारे वैद्यक आणि लोकांजवळ जाणारे वैद्यक, दोन्ही एकाच वर्षी, एकाच शहरात होती.

खानदेशात या साथीची खूण एका सर्वपरिचित घरात सापडते. जळगावच्या बहिणाबाई चौधरी यांच्या ओंकार या मुलाला प्लेगने कायमचे अपंगत्व आले. बहिणाबाईंची कविता आपण पाठ करतो. ज्या गावात ती जन्मली त्या गावाने काय सोसले होते, हे मात्र सहसा आठवत नाही. प्लेग ओसरतो न ओसरतो तोच १९१८ चा इन्फ्लुएंझा आला. १९११ ते १९२१ या दशकात हिंदुस्थानची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली. जनगणनेच्या इतिहासात असे दशक एकच.

माझ्या मते या दोन साथींच्या दरम्यान गावच्या खाजगी डॉक्टरचे स्थान पक्के झाले. लोकांना सरकारी कॅम्पची भीती होती आणि घरगुती काढ्याची मर्यादा कळून चुकली होती. या दोहोंच्या मधे उभा राहील, सुई टोचेल पण धरून नेणार नाही, असा माणूस हवा होता. योगायोगाने १९१२ हे वर्ष त्याच्या पथ्यावर पडले. त्या वर्षी मुंबई प्रांतात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला आणि त्याच वर्षी मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था स्थापन झाली, जिच्या परीक्षेतून एल.सी.पी.एस. ही अक्षरे मिळू लागली. १९२१ मध्ये असहकाराच्या लाटेत मुंबईला नॅशनल मेडिकल कॉलेज निघाले, तेव्हा सरकारी कॉलेज सोडणाऱ्या तरुणांनाही डॉक्टर होण्याची वाट मिळाली. ज्यांचे वडील शेतकरी, शिक्षक, कारकून होते, अशा मुलांना परवडणारे वैद्यकीय शिक्षण ते हेच. आणि ज्याला परवडले तो परत गावी येऊन बसला.

बाटली, पट्टी आणि उधारी

हा दवाखाना चालायचा कसा? बाहेर दोन बाके, आत एक टेबल, पडद्यामागे तपासणीचा पलंग आणि एका बाजूला कंपाउंडरची खिडकी. माझ्या लहानपणी घरून बाटली घेऊन जावे लागे. कंपाउंडर मोठ्या बरणीतून गुलाबी किंवा पांढरे मिक्श्चर ओतायचा, वर पाणी घालायचा आणि बाटलीला कातरलेली कागदाची पट्टी चिकटवायचा. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ज्याला वाचता येत नाही त्यालाही औषधाचे माप कळावे, यासाठी याहून सोपी युक्ती मला ठाऊक नाही. ताप-अंगदुखीला सोडा सॅलिसिलेट, पोटफुगीला कार्मिनेटिव्ह, बद्धकोष्ठाला मॅगसल्फ, जखमेला टिंक्चर आयोडीन. तिसऱ्या दशकाच्या अखेरीपर्यंत डॉक्टरच्या हाती खरोखर रोग मारणारी औषधे बोटांवर मोजण्याइतकी होती. सल्फा आले, महायुद्धानंतर पेनिसिलिन आले, १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, आणि मग न्यूमोनियाचा रोगी डोळ्यांदेखत उठून बसू लागला. त्याआधी डॉक्टर जे देत असे त्यात औषधाइतकाच भाग धीराचा होता.

या व्यवस्थेत एक गाठ होती. पैसे औषधाचे घेतले जात, सल्ल्याचे नाही. बाटलीच्या किमतीत तपासणी आली. आपल्या माणसाला वस्तूला पैसे देणे पटते, नुसत्या बोलण्याला देणे पटत नाही. ‘तुम्हाला काही झालेले नाही, दोन दिवस ताक-भात खा’ असे सांगणारा डॉक्टर उपाशी राहिला असता. १९४८ च्या फार्मसी कायद्याने औषधे तयार करून देण्याचा अधिकार नोंदलेल्या फार्मासिस्टकडे दिला, पण डॉक्टरला स्वतःच्या रोग्यांपुरती सूट ठेवली. त्यामुळे ही खिडकी पुढे कित्येक वर्षे उघडी राहिली. बाटली गेली तेव्हा तिची जागा इंजेक्शनने घेतली आणि इंजेक्शननंतर सलाईनने. ‘सुई द्या’ हा खानदेशी रोग्याचा हट्ट अज्ञानातून जितका आला, तितकाच या जुन्या हिशेबातून आला. लायसेन्शिएटाचा गौरव करताना त्याने मागे ठेवलेला हा वारसाही मोजला पाहिजे.

दुसरी गाठ उधारीची. कोरडवाहू खानदेशात पैसा वर्षातून एकदा हाती येतो, कपाशी विकली की. सालगड्याचे साल आखाजीला ठरते, दुकानदाराचा हिशेब दिवाळीला मिटतो. आजार असे वेळापत्रक पाळत नाही. म्हणून डॉक्टरच्या टेबलात एक वही असे. कोणी कापूस विकून देई, कोणी ज्वारी-दादरीचे पोते पाठवी, कोणाचे तसेच राही. ती वही म्हणजे गावाच्या आर्थिक प्रकृतीचा तक्ता होता. कोणाचे घर कर्जाने पोखरले आहे, कोणाकडे दारू शिरली आहे, कोणाची सून माहेरी का गेली, कोणाच्या मुलाला शाळेतून काढले, हे डॉक्टरला सावकाराइतकेच ठाऊक असे. फरक इतकाच, की त्यावर व्याज लावायचे नसे.

दाराबाहेर कोण राहिले

हे चित्र इथेच थांबवले तर ते गोड आणि खोटे होईल. ‘आमचे डॉक्टर’ म्हणताना त्या ‘आमचे’मध्ये कोण येत होते?

१९२९ ची गोष्ट. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे सदस्य म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर खानदेशात आले होते. धुळे लाईनवरच्या एका गावात बहिष्काराचे प्रकरण पाहून ते चाळीसगावला परतले. स्टेशनवरून महारवाड्यात जायला टांगा हवा होता. टांगेवाल्यांनी त्यांना नेण्यास नकार दिला. टांगा भाड्याने मिळाला, पण हाकायला कोणी टांगेवाला तयार नाही. म्हणून वस्तीतल्या एकाने, ज्याला सवय नव्हती, लगाम धरला. नदीवरच्या पुलावर टांगा उलटला आणि बाबासाहेबांचा पाय मोडला. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. परदेशच्या विद्यापीठांची डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला चाळीसगावात टांगा मिळत नव्हता. त्याच टांग्यातून गावचे डॉक्टर व्हिजिटला जात. तो टांगा महारवाड्याकडे किती वेळा वळला असेल?

त्याच लिखाणात त्यांनी काठेवाडातल्या एका शिक्षकाची हकीकत दिली आहे. बाळंतपणानंतर बायको आजारी पडली. डॉक्टर वस्तीत शिरायला तयार होईना. शेवटी लांब उभे राहून त्याने थर्मामीटर एका मुसलमानाच्या हाती दिले, त्याने ते नवऱ्याला दिले, नवऱ्याने बायकोला लावले. काठेवाड आणि खानदेश दोन्हीकडे गावाची रचना एकच होती. शपथ घेतलेला डॉक्टरही आधी आपल्या आळीचा माणूस होता.

सातपुड्यातला भिल्ल-पावरा तर या वर्तुळाच्या बाहेरच राहिला. त्याच्या रक्तातला सिकलसेल उशिरा ओळखला गेला. तोवर त्याचा सांधेदुखीचा आणि पांढरेपणाचा आजार ‘अशक्तपणा’ या एका शब्दात गुंडाळला जाई. आणि बाईचे बाळंतपण तर सर्वच जातींत सुईणीच्या हाती होते. डॉक्टरला बोलवायचे ते सारे बिघडल्यावर. ‘फॅमिली डॉक्टर’ या शब्दातली फॅमिली बहुतेक वेळा माडीच्या घरातली होती. तरीही दुसरी बाजू सांगायला हवी : हे वर्तुळ जेव्हा जेव्हा रुंदावले, तेव्हा ते गावात ठाण मांडून बसलेल्या डॉक्टरमुळेच रुंदावले. वरून आलेला अधिकारी तीन वर्षांत बदलून जातो.

एका शिफारशीची किंमत

लायसेन्शिएटाला सरकारने कधी पूर्ण मान दिला नाही. १९३३ मध्ये इंडियन मेडिकल कौन्सिलचा कायदा झाला, तेव्हा त्यातही त्याला जागा ठेवली नाही. भोर समितीने याच दिशेने शेवटचे पाऊल टाकले : यापुढे देशात एकाच दर्जाचा, विद्यापीठातून शिकलेला ‘मूलभूत डॉक्टर’ तयार व्हावा, लायसेन्शिएटाचे शिक्षण बंद करावे. समितीतल्या सहा सदस्यांनी यावर भिन्न मत नोंदवले. ज्या देशात ६,३०० माणसांमागे एक डॉक्टर आहे, तेथे डॉक्टर घडवण्याची स्वस्त आणि लवकरची वाट एकाएकी बुजवू नये, असे त्यांना वाटत होते.

समितीचा हेतू थोर होता. गरिबाला कमी शिकलेला डॉक्टर आणि श्रीमंताला जास्त शिकलेला, हा भेद स्वतंत्र देशात शोभणारा नव्हता. पण मेडिकल स्कुलांची कॉलेजे झाली, बी.जे. १९४६ मध्ये कॉलेज झाले, आणि तेथून बाहेर पडणारा पदवीधर तालुक्याला आला नाही. त्याला पुढे एम.डी., एम.एस. करायचे होते. खानदेशाला स्वतःचे सरकारी मेडिकल कॉलेज धुळ्यात मिळायला १९८० च्या दशकाची अखेर उजाडली, जळगावला २०१८. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या, प्राथमिक आरोग्य केंद्रांचे जाळे विणले गेले, ते मोठेच काम; पण तेथला डॉक्टर बदलीचा धनी.

मग खुर्चीवर कोण बसले? १९३८ च्या मुंबई प्रांताच्या कायद्याने वैद्य-हकिमांची नोंदणी सुरू केली होती. त्या वाटेने आयुर्वेदाचे आणि नंतर होमिओपॅथीचे पदवीधर आले. आज शिंदखेडा, पारोळा, यावल, साक्री येथे रात्री-बेरात्री दार उघडणारा डॉक्टर बहुधा बी.ए.एम.एस. किंवा बी.एच.एम.एस. असतो. त्याने ॲलोपॅथीची औषधे द्यावीत की नाहीत, यावर न्यायालयांत आणि विधिमंडळात अजून वाद चालू आहे. ज्याच्याशिवाय गावाचे चालत नाही आणि ज्याला पूर्ण डॉक्टर म्हणायला व्यवस्था तयार नाही, असा हा माणूस. लायसेन्शिएटाची जागा त्याने घेतली ती दुय्यमपणासकट घेतली.

दवाखान्यातून गावात

डॉक्टर सार्वजनिक कामात का पडतो? नगरपालिका, वाचनालय, शाळेची कमिटी, व्याख्यानमाला, खानदेशातल्या कुठल्याही जुन्या संस्थेच्या कार्यकारिणीच्या फोटोत एक डॉक्टर असतोच. फावला वेळ होता म्हणून, असे म्हणता येणार नाही. माझे उत्तर त्या उधारीच्या वहीत आहे.

जळगावचे डॉ. अविनाश आचार्य हे लायसेन्शिएटांच्या मागून आलेल्या पिढीतले. संघविचाराचे कार्यकर्ते. त्यांच्या पुढाकाराने १९७९ मध्ये जळगाव जनता सहकारी बँक सुरू झाली, केशवस्मृती प्रतिष्ठान उभे राहिले, आणि त्या परिवारातून रक्तपेढी, नेत्रपेढी, वृद्धांसाठी आनंदाश्रम अशी कामे वाढली. डॉक्टरने बँक काढावी याचे कोणाला नवल वाटेल. पण कोणते घर हातपाय हलवणारे असूनही भांडवलावाचून अडले आहे, कोण बुडवणार नाही, हे डॉक्टरइतके कोणाला ठाऊक असते? रक्ताची बाटली आणि कर्जाची रक्कम, दोन्ही देताना एकच प्रश्न पडतो : वेळेवर मिळाली तर हा माणूस उभा राहील का? त्यांच्या विचारांशी मतभेद असणाऱ्यांनाही त्यांनी शहरात उभ्या केलेल्या संस्था वापराव्या लागतात, हे मी जळगावात पाहिले आहे.

गावात टिकून राहण्याचे आणखी एक फळ असते, ते म्हणजे बघण्याची सवय. अजिंठ्याच्या डोंगरापलीकडे भोकरदन तालुक्यात देहेड हे गाव आहे. तेथले डॉ. हिम्मतराव बावस्कर १९७० च्या दशकात कोकणात बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात नोकरीला लागले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे मरत आणि ती कशाने मरतात हे पुस्तकात नीट सापडत नव्हते. बावस्करांनी रोग्याच्या उशाशी रात्रभर बसून नोंदी ठेवल्या : घाम, उलटी, गार पडलेले हातपाय, मग फुप्फुसात भरणारे पाणी. हृदय खचते, हे त्यांनी ओळखले. त्यांच्या नोंदी ‘लॅन्सेट’मध्ये आल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबाच्या गोळीचा उपयोग त्यांनी सिद्ध केला. शंभरातले तीस-चाळीस दगावत, ते प्रमाण एक-दोनवर आले. महाडसारख्या गावात राहून केलेले हे काम आहे. २०१३ मध्ये याच डॉक्टरांकडे रोगी पाठवल्याबद्दल एका तपासणी केंद्राकडून १,२०० रुपयांचा धनादेश आला, तेव्हा त्यांनी मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली आणि ‘कट प्रॅक्टिस’ हा कुजबुजीतला शब्द छापील चर्चेत आणला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

पुन्हा भेटण्याची खात्री

मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या सरकारी रुग्णालयात अपघातात डोक्याला मार लागलेला रोगी आला. तेथे मेंदूचा शल्यविशारद नाही, दुसरीकडे न्यावे लागेल, असे निवासी डॉक्टरने सांगितले. नातेवाइकांच्या जमावाने त्या तरुण डॉक्टरला इतके मारले, की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. राज्यभरचे निवासी डॉक्टर कामावरून दूर झाले. डॉक्टरांवरील हल्ल्यांविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात २०१० पासून होता. रोग्याच्या बाजूनेही कायदा होता : १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पैसे घेऊन केलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली आणली होती. दोन्ही कायदे आवश्यकच होते. त्या रात्री मात्र कोणत्याही कायद्याचा उपयोग झाला नाही, कारण मारणारे आणि मार खाणारा एकमेकांना ओळखत नव्हते आणि पुन्हा कधी भेटणार नव्हते.

जुन्या डॉक्टरच्या हातूनही रोगी मरत होते, आजच्यापेक्षा पुष्कळ जास्त. त्याच्याकडे ना तपासण्या होत्या ना औषधे. पण तो तिसऱ्या दिवशी बसायला येई, दहाव्याला येई, आणि आठवडी बाजारात त्याच कुटुंबासमोर उभा राही. त्याला त्यांच्या डोळ्याला डोळा द्यावा लागे आणि त्यांनाही. विश्वास या भेटीतून तयार होत होता. हे आपण पदवीत शोधत राहिलो, म्हणून शिक्षणाचा दर्जा चढत गेला आणि विश्वास उतरत गेला. नव्या धोरणांत फॅमिली मेडिसिनचा अभ्यासक्रम, गावात राहणाऱ्या डॉक्टरला प्रोत्साहन, असे विषय पुन्हा येऊ लागले आहेत. त्यांची आखणी करणाऱ्यांना माझे एवढेच सांगणे, की डॉक्टर गावात किती शिकून येतो याबरोबर तो किती वर्षे राहतो, हेही मोजावे. दहा वर्षे एका जागी काढणाऱ्याला घर, मुलांची शाळा आणि पुढच्या शिक्षणात अग्रहक्क मिळाला, तर खर्चाच्या मानाने लाभ मोठा आहे.

आणखी एक काम सरकारवाचूनही होण्यासारखे आहे. इतिहासाचार्य राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यात वारले आणि त्यांनी दारोदार फिरून जमवलेल्या कागदांसाठी पुढच्याच वर्षी येथे संशोधन मंडळ उभे राहिले. माळ्यावर उंदरांनी कुरतडलेल्या दप्तरांत मराठ्यांचा इतिहास आहे, हे त्यांनी आपल्याला शिकवले. जुन्या डॉक्टरांच्या वह्या, व्हिजिटांच्या डायऱ्या, औषधांच्या याद्या, जन्म-मृत्यूचे दाखले आज तशाच माळ्यांवर पडले आहेत. दवाखाना विकला की त्या रद्दीत जातात. कोणत्या साली कोणत्या आळीत हिव किती होते, कोण औषधाविना परत गेले, कोणाची उधारी माफ झाली, हे दुसऱ्या कुठल्याही कागदात मिळणार नाही. रोग्यांची नावे झाकून त्या जपता येतील. ज्यांच्या घरी अशी वही असेल त्यांनी ती या दिवाळीच्या साफसफाईत बाहेर काढू नये, एवढी विनंती.